हाक जशी निघेल तशी मारा

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत सांगते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. यजमानांच्या आजारपणाला तिसरं वर्ष लागलंय. दिवसभर औषधं, तपासण्या, घर, हे सगळं तुम्ही ओढून नेता. रात्री सगळं आवरलं की देवापुढे बसता आणि तिथं मात्र काहीच होत नाही. पाठ असलेलं स्तोत्र अर्ध्यावर आठवेनासं होतं. स्वतःचे शब्द फुटलेच तर भांडण निघतं, ‘आता पुरे कर ना’ असं. मग भीती वाटते की या बोलण्याचं फळ त्यांना भोगावं लागेल. मोठ्या जाऊबाई म्हणतात, सारखं रडगाणं गाऊ नये, देवाला कुरकुर आवडत नाही. हे खरं आहे का, तो ऐकतो तरी का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय की रात्री हमसून रडावंसं वाटतं, पण शेजारी ते झोपलेले असतात म्हणून तोंडात पदराचा बोळा धरावा लागतो.

मी पंचवीस वर्षं रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम केलं, त्यातली बहुतेक पॅलिएटिव्ह केअरच्या वॉर्डात. तिथं येणाऱ्या बहुतेकांचा आजार पूर्ण बरा होणारा नसतो. वेदना कमी करणं आणि सोबत करणं हे आमचं काम. देवाला मारलेल्या हाका मी तिथं जितक्या ऐकल्या तितक्या कुठल्याही देवळात, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात ऐकल्या नाहीत. माझी स्वतःची श्रद्धा आहे, हे आधीच सांगते. जे सांगणार आहे ते त्या दोन्हींतून आलेलं आहे.

जाऊबाईंचा हेतू वाईट नसेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. यादीत पहिला आर्त आहे. संकटानं पिळवटलेला, दुसरं काही सुचत नाही म्हणून हाक मारणारा. पुढे ज्ञानी भक्त मला फार प्रिय असं भगवान म्हणतात हे खरं, पण तिथंच हेही म्हणतात की हे सगळेच उदार आहेत. आर्ताला कुणी दाराबाहेर उभं केलेलं नाही.

तुकोबांचं घ्या. १६३० च्या सुमाराला पडलेल्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. नंतर त्यांनी देवाशी जे बोलणं केलं त्यात आळवणी आहे तशीच उघड भांडणंही आहेत. ‘माझे लेखीं देव मेला’ असं म्हणणारा अभंग त्यांच्याच गाथेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती गाथा उतरून घेतली, डोक्यावर घेतली, आणि हा अभंग त्यातून काढून टाकला नाही. जनाबाई तर विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणते आणि शिव्याही देते. आपल्या भाषेत देवाशी भांडणारी माणसं संत म्हणून ओळखली जातात, हे तुम्ही रात्री बसाल तेव्हा आठवा.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांत सर्वांत जास्त संख्या विलापाच्या स्तोत्रांची आहे, स्तुतीच्या नव्हे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधार या शब्दावर संपतं. त्याला कुणी आशेची ओळ जोडली नाही. कुराणात याकूब या पैगंबराचे डोळे मुलाच्या शोकानं पांढरे होतात, घरचे लोक म्हणतात, किती आठवण काढशील, आणि तो म्हणतो की मी माझं दुःख आणि गाऱ्हाणं अल्लाहपाशीच मांडतो. घरच्यांचं ‘आता पुरे’ तेव्हाही होतंच.

आणि बायबलमधलाच ईयोब. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. नंतर ते बोलायला लागले. तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नसतो, असं सांगत राहिले. ईयोब देवाला जाब विचारत राहिला. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं तो म्हणतो. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. वॉर्डात नवीन येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला मी ही गोष्ट सांगायचे.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा त्रास तिथं आहे. तुम्ही बोललात आणि त्याचं फळ त्यांना मिळेल, ही भीती.

लहान मुलांच्या वॉर्डातली एक आई मला आठवते. फार शिस्तीची बाई. टॉवेलची घडी चार वेळा घालायची, उलगडायची, परत घालायची. देवाशीही तसंच घडी घातल्यासारखं बोलायची. ‘तुझी इच्छा असेल तसं होऊ दे’ म्हणून हात जोडायची. एका दुपारी मुलाला सातव्यांदा सुई टोचली तेव्हा ती खिडकीकडे वळून ओरडली, ‘तुला एखादं लेकरू असतं ना, म्हणजे कळलं असतं!’ त्याच रात्री मुलाला ताप भरला. पुढचे तीन दिवस ती देवाशी एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं तेव्हा ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, ‘माझ्यामुळे चढलाय ताप.’ ताप चढला होता तो शिरेत लावलेल्या नळीला जंतुसंसर्ग झाल्यामुळे. नळी बदलली, अँटिबायोटिक बदललं, ताप उतरला. डॉक्टरांना मी मुद्दाम सांगितलं की हे कारण तिला समोर बसून, नळी दाखवून समजावून द्या. त्यांनी दिलं. तिनं ती काढलेली नळी बराच वेळ हातात धरली होती.

ताई, आजाराला आजाराची कारणं असतात. पेशी, जंतू, रक्तवाहिन्या, वय. तुमच्या तोंडून निघालेलं ‘पुरे कर’ त्यांच्या रक्तात जाऊन काही करत नाही. आणि श्रद्धेच्या बाजूनं बोलायचं तर इतकंच म्हणेन: थकलेल्या माणसाच्या एका वाक्यासाठी दुसऱ्या माणसाला शिक्षा करणारा देव मी तरी मानत नाही. तुम्ही ज्याला हाक मारता तो तसा आहे असं तुम्हालाही मनातून वाटत नसणार, नाहीतर तुम्ही त्याच्याशी भांडायला गेलाच नसता. ज्याची खरी भीती वाटते त्याच्याशी कुणी भांडत नाही. त्याच्यापुढे माणूस गोड बोलतो.

यातूनच मला जे मुख्य सांगायचं आहे ते येतं. देवाविषयी बोलणं आणि देवाशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देव असं का करतो’, ‘देव परीक्षा बघतोय’, ‘देवानं आमच्याकडे पाठ फिरवली’, या वाक्यांत देव तिसरा आहे, खोलीबाहेर कुठेतरी बसलेला. ‘तू असं का करतोस’ म्हटलं की तो समोर येतो. राग तोच, शब्द जवळपास तेच, पण बोलणं समोरासमोर होतं. निराशेचा सर्वांत वाईट भाग दुःखाचा नसतो, एकटेपणाचा असतो. तिथं तृतीय पुरुषातून द्वितीय पुरुषात येणं ही व्याकरणाची साधी बाब राहत नाही.

बायबलमधलं मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र पुष्कळांना पाठ असतं. ते सुरू होतं ‘तो’नं. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्याकडे नेतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेच्या दरीचा उल्लेख येतो आणि बरोबर तिथं शब्द बदलतो: तू माझ्याबरोबर आहेस. सुखात ‘तो’ होता, दरीत उतरल्यावर ‘तू’ झाला. लिहिणाऱ्यानं हे ठरवून केलं की आपोआप झालं, कोण जाणे. मी मात्र वॉर्डात हे असंच घडताना पाहिलंय.

मराठीत तर ही सोय घरातच आहे. आपण मोठ्यांना अहो-जाहो करतो, पण आईला ‘तू’ म्हणतो आणि देवाला ‘तू’ म्हणतो. ज्यांच्यापुढे भोकाड पसरता येतं त्यांना आपण ‘तू’ म्हणतो. देवाला ‘माउली’ म्हणणाऱ्या माणसांनी हे ओळखलं होतं. मूल रडतं तेव्हा ते आईला विनंती करत नसतं, वाक्यरचना करत नसतं. तरी आईला कळतं की हे भुकेचं रडणं आहे की दुखण्याचं.

शब्द फुटत नाहीत, हे तुमचं दुसरं दुखणं. त्यावर आधी एक माणूस दाखवते.

निवृत्त शिक्षक होते. फुप्फुसांचा आजार, नाकात ऑक्सिजनची नळी. लहानपणापासून एक लांब स्तोत्र रोज म्हणायचे, एकही दिवस चुकला नव्हता. आता एका ओळीत तीनदा थांबावं लागायचं आणि मध्येच धाप लागून ते तुटायचं. ‘अर्धवट म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं,’ म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं आणि त्याचं त्यांना आजारापेक्षा जास्त लागलं होतं. एका पहाटे साडेतीनच्या सुमाराला सिस्टरनी मला बोलावलं. ते कॉटवर ताठ बसले होते. लोखंडी कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी शेजारी स्टुलावर बसले. थोड्या वेळानं विचारलं, ‘सर, एका श्वासात किती मावतं?’ त्यांनी एक बोट वर केलं. एक शब्द. मी म्हटलं, ‘मग एकच ठेवू या. कुठला?’ बराच वेळ गेला. मला वाटलं ऐकलं नसावं. मग श्वास सोडता सोडता म्हणाले, ‘ये.’ पुढच्या श्वासाला पुन्हा ‘ये’. घड्याळात बघितलं नाही, पण खिडकीबाहेर उजाडायला लागलं तेव्हा ते मागे टेकले होते आणि कठड्यावरचा हात सुटून मांडीवर आला होता. त्यानंतर जे थोडे दिवस मिळाले त्यांत ती त्यांची प्रार्थना होती. कधी ‘ये’, कधी ‘बघ’. आजार होता तिथंच होता.

शरीराच्या बाजूनंही यात काहीतरी घडतं. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास मोजला. एरवी मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतं. या दोन्ही प्रकारांत तो सहाच्या आसपास आला. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, श्वासाची लय एकच. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती उतरते. ‘देवा रे’ किंवा ‘आई गं’ ही हाकही नीट ऐकलीत तर लांबवलेला उच्छ्वासच असते. म्हणून मी सांगते, हाक मनातल्या मनात मारू नका. कुजबुज चालेल, पण ओठ हलू द्या, हवा बाहेर पडू द्या. मनातल्या मनात म्हटलेली प्रार्थना थकलेल्या डोक्यात काळजीच्या विचारात मिसळून जाते आणि दहा मिनिटांनी आपण प्रार्थना करत होतो की उद्याच्या तपासणीचा हिशेब, हेच कळत नाही.

पाठ केलेलं स्तोत्र अर्ध्यावर तुटलं तर तिथंच थांबा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, ती स्वतःला दिलेली शिक्षा होते. दुसऱ्याचे शब्द उसने घेण्यात कमीपणा नाही, शतकानुशतकं लोकांनी तेच केलंय. अजिबात काही सुचलं नाही तर दिवसातली एकच गोष्ट सांगा, जशी घडली तशी. ‘आज त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं.’ बस. विशेषणं नकोत, ‘तुझ्या कृपेनं’ नको, ‘तरी मी आभारी आहे’ नको. आभार आतून वाटले तर माना. वाटत नसताना मानलेले आभार घशात अडकतात आणि मग खरं बोलणंही अडकतं.

भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची गोष्ट आहे. मगरीनं पाय धरल्यावर तो आधी स्वतःच्या ताकदीनं झुंजतो, भागवत म्हणतं हजार वर्षं. बरोबरचे हत्ती ओढून बघतात आणि हरतात. मग तो हाक मारतो. त्या हाकेत तो कुणा एका देवाचं नाव घेत नाही. हे सगळं ज्याच्यातून आलं, ज्याच्यात आहे, त्याला मी शरण आहे, असं म्हणतो. नाव घेतलं नाही म्हणून ब्रह्मदेवादी देव आले नाहीत असं पुढे म्हटलंय, आणि हरी आला. ज्यांचा विश्वास डळमळलाय त्यांना मी ही जागा दाखवते. ‘तू आहेस की नाही मला माहीत नाही, पण असशील तर ऐक’ ही पुरेशी प्रार्थना आहे. खात्री आधी आणि हाक नंतर असा नियम नाही.

सौद्याबद्दल थोडंसं. ‘ते बरे झाले तर मी अमुक करीन’ असं मनात येतंच, येऊ द्या. पण त्यावर भिस्त ठेवू नका. सौदा फिसकटला की माणूस हिशेब तपासायला लागतो, माझंच काही कमी पडलं का म्हणून. त्याच दारातून दुसरी माणसं आत येतात. तुमची श्रद्धा कमी पडली म्हणणारी, औषध थांबवा म्हणणारी, पैसे मागणारी. औषध थांबवायला सांगणाऱ्याला, तो कुणीही असो, दुसऱ्यांदा घरात घेऊ नका.

सहज म्हणून बोललेली वाक्यंही किती लागतात हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. तरुण मुलगी गेलेल्या एका वडिलांना मी म्हटलं, ‘देवाची इच्छा.’ ते काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड वळवलं आणि मी निघेपर्यंत तसेच बसून राहिले. देवाची इच्छा काय होती हे मला कुठून ठाऊक असणार होतं? मला तिथली शांतता सहन होत नव्हती म्हणून मी बोलले होते. त्या पाठीची आठवण मला अजून आहे.

आता तो ऐकतो का.

याचं उत्तर मी पुराव्यानिशी देऊ शकत नाही आणि देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रकाशित झाली, तेव्हा जगाला कळलं की १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंतची जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देवाची चाहूलही जाणवत नव्हती. रिकामेपण, काळोख, असेच शब्द त्या पत्रांत आहेत. त्या काळात त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावर पडलेल्या माणसांना उचलत होत्या. जाणवत नाही म्हणजे ऐकत नाही, असा अर्थ त्यांनी काढला नाही. तुम्हाला देवापुढे बसून काही जाणवत नसेल तर तुम्ही नापास झालेल्या नाहीत, एवढं तरी यातून घ्या.

मी काय पाहिलंय ते सांगू शकते. हाक मारणाऱ्यांपैकी काहींचे आजार बरे झाले, बहुतेकांचे झाले नाहीत. न मारणाऱ्यांचंही तसंच. यात फरक सांगितला तर ते खोटं होईल. फरक मी पाहिला तो दुसरीकडे. ज्यांनी खरी हाक मारली, भांडून, रडून, जशी निघाली तशी, त्यांना हळूहळू माणसांनाही हाक मारता यायला लागली. ज्याला देवापुढे ‘मला झेपत नाही’ म्हणता आलं त्याला काही दिवसांनी बहिणीला फोन करून तेच म्हणता आलं. जे देवापुढेही इस्त्रीचे कपडे घालून बसले ते माणसांपुढेही तसेच बसले आणि आतून मोडत गेले. श्रद्धेच्या भाषेत मी याला उत्तर म्हणते. तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल तर म्हणा.

म्हणून मदत दाराशी आली तर ती परत पाठवू नका. ‘देव बघेल’ म्हणून शेजारणीला नको म्हणणं, नर्सला नको म्हणणं, दोन तास बसते म्हणणाऱ्या नणंदेला नको म्हणणं, हे मी फार पाहिलंय.

इथं एक गोष्ट स्पष्ट विचारायलाच हवी. तुम्ही झोपेबद्दल काहीच लिहिलं नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नीट लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, कशातच मन लागत नसेल, सगळं माझ्यामुळेच झालं असं सतत वाटत असेल, तर ते नुसतं दुःख नसेल, नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत, आणि रक्तदाबाची गोळी घेण्यात जितका श्रद्धेचा कमीपणा आहे तितकाच त्यात आहे, म्हणजे अजिबात नाही. मरून जावं, आपण नसलो तर बरं, असं मनात येत असेल तर आजच एका माणसाला ते तोंडानं सांगा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर एकट्या राहू नका, जवळच्या रुग्णालयात जा.

बायबलमधला एलीया संदेष्टा एकदा असाच खचला होता. रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. त्यावर देवानं त्याला उपदेश केला नाही, श्रद्धा तपासली नाही. तो झोपला. देवदूतानं त्याला हलवून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा तसंच उठवलं, पुन्हा खायला घातलं, कारण वाट फार लांब आहे असं दूत म्हणाला. बोलणं झालं ते त्यानंतर, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर. ‘आता पुरे’ या हाकेचं पहिलं उत्तर झोप आणि जेवण हे होतं. तुम्हीही रात्री देवापुढे बसण्याआधी जेवता का, हे मला कळवा.

राहिला पदराचा बोळा.

माझ्या वॉर्डात एक जोडपं होतं. बायको न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला तिनं हे फार विश्वासानं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात नवरा मला म्हणाला, ‘ती न्हाणीघरात गेली की मी उशीत तोंड घालून रडून घेतो. नळाचा आवाज असतो तोवर. बंद झाला की डोळे पुसतो.’ एकाचं गुपित दुसऱ्याला सांगणं माझ्या कामात बसत नाही. मी दोघांनाही वेगवेगळं एवढंच विचारलं, की तुम्ही रडता हे त्यांना कळलं तर नेमकं काय होईल असं वाटतं? दोघांचं उत्तर एकच होतं, त्यांना धीर राहणार नाही. मी म्हटलं, आता किती आहे?

त्यानंतर तीन-चार दिवस काही घडलं नाही. मग एका सकाळी ती बाई मला जिन्यात भेटली, हातात पाण्याची बाटली, केस तसेच बांधलेले. रात्री ती न्हाणीघरात गेलीच नव्हती. दिवा मालवून कॉटच्या कडेवर बसली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘देवा, मला आता हे झेपत नाही रे.’ नंतर रडू फुटलं ते तिनं अडवलं नाही. बऱ्याच वेळानं अंधारात त्यांचा हात तिच्या पाठीवर आला. मला सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. ‘ते म्हणाले, माझंही सांग त्याला.’